यंत्राचा कुंचला आणि आजीचा चेहरा

इसवी सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात एक नवल आपण सर्वांनी पाहिले. गूगल कंपनीने ऑगस्टच्या अखेरीस ‘नॅनो बनाना’ या गमतीच्या नावाने ओळखले जाणारे चित्रे करण्याचे साधन लोकांस खुले केले. पाहता पाहता देशभरातील मुलींनी आपापली छायाचित्रे त्यास देऊन, जुन्या हिंदी चित्रपटांतील नायिकेप्रमाणे तलम साडी नेसलेली, केसांत फूल माळलेली, वाऱ्यावर पदर सोडलेली आपली रूपे तयार करवून घेतली. बेळगाव शहर काय किंवा येळ्ळूर, सुळगे, देसूर, धामणे ही आमची गावे काय, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर ती चित्रे फिरत होती. वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली, मुलींनी हसून घेतले, आणि महिन्याभरात तो पूर ओसरला.

त्या साड्यांविषयी आम्हांस येथे काही म्हणावयाचे नाही. कृत्रिम बुद्धीच्या या यंत्राकडून एक सुंदर चित्र मिळविणे हे आता पोरखेळाइतके सोपे झाले आहे. परंतु गोष्ट सांगावयाची असेल, तर एका चित्राने भागत नाही. पहिल्या पानावरचा माणूस शेवटच्या पानावरही तोच असावा लागतो. तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात. एकाच पात्राची अनेक चित्रे या यंत्राकडून काढवून घेता येतात काय? आणि येत असल्यास, ती कोणाचे काही न लुबाडता काढवून घेता येतात काय? दुसरा प्रश्न पहिल्याहून जड आहे. तथापि पहिल्याचे उत्तर शोधीत गेले असता दुसऱ्याचेही बरेचसे उत्तर हाती येते, असा आमचा अनुभव आहे.

निमित्त असे झाले. आमच्याकडे मुलांस धर्मशिक्षण देणाऱ्या काही तरुण-तरुणींनी बारा चित्रांची एक लहानशी गोष्ट तयार करण्याचे मनावर घेतले. गोष्ट साधी आहे. एक आजी पहाटे उठून भाकऱ्या भाजते, बुट्टी डोक्यावर घेऊन शिवारात जाते. तेथे तिचे दोन मुलगे बांधावरून हातघाईवर आलेले असतात. आजी एक शब्द बोलत नाही. बांधावरच बसते आणि दोघांसही एकाच बुट्टीतून वाढते. आमच्या भागात बांधाचे भांडण कसे पिढ्यान्पिढ्या चालते व कोर्टाच्या पायऱ्या झिजवूनही कसे मिटत नाही, हे वाचकांस सांगावयास नको. मुलांस ही गोष्ट कळावी म्हणून चित्रे हवीत. चित्रकार हाताशी नाही, खर्चाची ऐपत नाही. म्हणून ही मंडळी यंत्राकडे वळली.

पहिले चित्र उत्तम आले. दुसऱ्यात आजीच्या नाकातील चमकी डावीकडून उजवीकडे गेली. तिसऱ्यात आजी चाळीस वर्षांची झाली. चौथ्यात नऊवारी लुगड्याचे असे काही चमत्कारिक वस्त्र झाले, की ते नेसावे कसे हे कोणत्याही बाईस सांगता येऊ नये. कपाळावर ठसठशीत कुंकू तर प्रत्येक चित्रात न मागता उगवत होते. यंत्राच्या समजुतीप्रमाणे भारतातील म्हातारी म्हटली, की ते असलेच पाहिजे. आजीच्या पाठीमागे आमचा राजहंसगड दिसावा अशी सूचना केली, तर संगमरवरी राजवाडा उभा राहिला. ही चित्रे ओळीने मांडून मुलांस दाखविली, तेव्हा दुसरीतील एक पोर म्हणाले, “फादर, ही दुसरीच आजी हाय की!” त्या पोराचा अभिप्राय आम्हांस अनेक जाणत्यांच्या अभिप्रायाहून नेमका वाटला.

हे असे का होते? यंत्र विसराळू आहे, असे म्हणणे बरोबर नाही. ते मुळात कोणास ओळखतच नाही. त्याचे शिक्षण असे झालेले असते: कोट्यवधी चित्रे व त्यांखालील मजकूर त्यापुढे ठेवावयाचा, त्या चित्रांवर थोडेथोडे ठिपके उधळीत ती पार पुसट करावयाची, आणि ते ठिपके पुसून मूळ चित्र परत कसे काढावे, हे त्याकडून गिरवून घ्यावयाचे. जुन्या दूरदर्शन संचावर कार्यक्रम संपल्यानंतर ‘मुंग्या’ दिसत, हे प्रौढ वाचकांस आठवत असेल. आपण यंत्रास सूचना लिहून देतो, तेव्हा ते बहुधा अशाच मुंग्यांच्या पडद्यापासून आरंभ करते आणि आपल्या शब्दांकडे पाहत पाहत एकेक पायरीने त्यातून आकृती निवडून काढते. प्रत्येक वेळी मुंग्या निराळ्या, म्हणून आजीही निराळी. खानापूरचा कुंभार एकाच मातीची शंभर गाडगी घडवितो. ती एकमेकांची भावंडे खरी, पण एखादे फुटले तर नेमके तेच पुन्हा काही चाकावर उतरत नाही.

या मुंग्यांच्या पडद्यास एक क्रमांक असतो. त्यास आपण बीजांक म्हणू. तोच बीजांक व तेच शब्द दिले, तर बहुतेक यंत्रे तेच चित्र परत देतात. पुष्कळांची समजूत अशी होते, की झाले, किल्ली सापडली. परंतु ‘आजी बसली आहे’ याऐवजी ‘आजी चालत आहे’ असे लिहिले, की सारे चित्रच हलते, आणि त्याबरोबर चेहराही. बीजांकाने चित्र टिकते, माणूस टिकत नाही.

माणूस टिकवावयाचा कसा, हे जुन्या चित्रकारांस चांगले ठाऊक होते. आमच्या वाचकांनी आपल्याच चर्चमधील मूर्ती आठवून पाहाव्यात. संत पेत्राचा चेहरा प्रत्येक देशात, प्रत्येक शतकात निराळा काढला गेला. पण हातातील किल्ल्या पाहताच अक्षरशत्रू माणूसही त्यास ओळखतो. संत अंतोनीजवळ बाळ येशू व लिलीचे फूल; संत लुसीच्या हाती तबकात दोन डोळे. चेहरा बदलेल, खूण बदलणार नाही, असा हा जुना करार होय. आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून सुमारे अर्धशतक ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये सामान्य माणूस काढला, तो चौकटीचा कोट, धोतर, चष्मा आणि टकलाच्या कडेचे विस्कटलेले चार केस यांच्या बळावर. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये अवतरला, त्याचे उभे केस झाकले, तर किती वाचक त्यास ओळखतील याची आम्हांस शंका आहे.

आणि आमच्या सीमाभागाचाच दाखला द्यावयाचा, तर शि. द. फडणीस. निपाणीजवळच्या भोज या गावी १९२५ मध्ये त्यांचा जन्म झाला. ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठांवरील त्यांची माणसे बहुधा अवाक्षर बोलत नाहीत. तरी चित्राखालची सही झाकली असताही ती कोणाच्या घरची आहेत, हे महाराष्ट्रातील पोरसोर सांगू शकेल. ते एक रेष ओढण्यापूर्वी माणूस ठरवीत असले पाहिजेत. यंत्र ठरवीत नाही. ठरविण्याचे काम आपले आहे, आणि ते न करताच आपण त्याजकडे मागणे मागत बसतो.

आमच्या मंडळींनी म्हणून शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी काही दिवस मोबाइल बाजूस ठेवले आणि चित्रकार शोधला. तो सापडलाही. पूर्वी बेळगावच्या दुकानांच्या पाट्या व मालमोटारींवरील नावे रंगविणारा हा मनुष्य; फ्लेक्सचे छापील फलक आल्यापासून त्याचे ते काम बुडाले, आणि हल्ली तो घरांच्या भिंतींस रंग देतो. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या पट्ट्यात असे हात पुष्कळ आहेत. ज्यांस अक्षराचे वळण व चेहऱ्याची ठेवण दोन्ही साधते, पण आता कोणी विचारीत नाही. त्याने दोन संध्याकाळी बसून आजीचा एक नमुनातक्ता काढला: समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठमोरी; हसरी, रागावलेली, चिंतेत असलेली; बुट्टी घेतलेली आणि बुट्टीवाचून.

तक्त्यासोबत खुणांचे टिपण झाले. हनुवटीच्या डावीकडे तीळ. चमकी डाव्या नाकपुडीत. लुगडे इरकली, निळे, तांबड्या काठाचे, चोळी खणाची. गळ्यात काळ्या दोऱ्यातील क्रूस. पाठ किंचित वाकलेली, पण मान ताठ. डाव्या कानाची पाळी फाटलेली. ही शेवटची खूण चित्रकाराची. तो म्हणाला, जड दागिना आयुष्यभर वागविलेल्या बाईचा कान असाच असतो. यंत्रास हे कधी सुचले नसते. त्याच्या संग्रहात म्हाताऱ्या बाया लाखो असतील, पण ही एक आजी त्यांत नाही.

पुढील कामाची रीत आम्ही थोडी विस्ताराने सांगतो. कारण अन्य गावांतील शिक्षकांस व तरुणांस ती उपयोगी पडण्याजोगी आहे. अलीकडच्या यंत्रांस शब्दांसोबत संदर्भचित्रही देता येते. ‘मिडजर्नी’ या यंत्रात पात्राचा संदर्भ देण्याची सोय मार्च २०२४ मध्ये आली, आणि नंतर आलेल्या यंत्रांत ती अधिकाधिक सुधारत गेली. तेव्हा प्रत्येक वेळी तोच तक्ता द्यावयाचा, आणि वर्णनाचे शब्दही अगदी तेच, त्याच क्रमाने लिहावयाचे. आज ‘वृद्ध’, उद्या ‘म्हातारी’ असे करावयाचे नाही. आजी काय करीत आहे, ते शेवटी लिहावयाचे. ‘सुंदर’, ‘भारतीय’, ‘पारंपरिक’ ही विशेषणे तर मुळीच घालावयाची नाहीत. ती घातली की यंत्र आपल्या ओळखीच्या गुळगुळीत म्हाताऱ्यांकडे धाव घेते. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. चमकीची बाजू चुकली, तर सगळे चित्र पुन्हा न मागता तेवढाच भाग खोडून दुरुस्त करवून घ्यावयाचा. बहुतेक यंत्रांत ही सोय असते.

आणखी एक पथ्य फार महत्त्वाचे. चांगले आलेले चौथे चित्र घेऊन त्यावरून पाचवे, पाचव्यावरून सहावे, असे कधीही करू नये. झेरॉक्सची झेरॉक्स काढीत गेले असता अक्षर जसे फुगत व विरत जाते, तसा चेहराही हळूहळू वाहवत जातो, आणि दहाव्या चित्राशी आले, की कोणाच्या तरी मावशीशी आपली गाठ पडते. प्रत्येक चित्रासाठी मूळ तक्त्याकडेच परत यावयाचे. राजहंसगडाचेही तसेच केले. एका मुलाने शेतात उभे राहून स्वतः गडाचे छायाचित्र घेतले व ते यंत्रास दिले. तेव्हा कोठे राजवाडा हटला आणि आपला गड आला.

मोठे काम असेल, म्हणजे शंभर-दोनशे चित्रांचे पुस्तक असेल, तर याहून पक्की रीत आहे. तिला ‘लोरा’ म्हणतात; मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ती भाषेच्या यंत्रांसाठी मांडली व पुढे चित्रांच्या यंत्रांसही ती लागू पडली. पंधरा-वीस किंवा अधिक चित्रे देऊन यंत्रास त्या एका पात्राची जणू लहानशी जोडशिकवणी द्यावयाची, अशी ती युक्ती आहे. परंतु त्यास बरा संगणक व जाणता मनुष्य लागतो. बारा चित्रांसाठी एवढा खटाटोप करणे म्हणजे चटणीसाठी जाते बसविणे होय.

आता दुसरा प्रश्न. हे यंत्र जे शिकले, ते कोणाच्या पाटीवर?

‘स्टेबल डिफ्यूजन’ हे यंत्र ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांस खुले झाले. ज्या संग्रहाच्या आधारे ते शिकविण्यात आले, तो ‘लायन’ नावाच्या जर्मनीतील एका संस्थेने त्याच वर्षी प्रसिद्ध केला होता. महाजालावरील सुमारे ५८५ कोटी चित्रांचे पत्ते व त्यांसोबतचा मजकूर त्यात होता. ही चित्रे ज्यांची, त्या चित्रकारांस, छायाचित्रकारांस, आईबापांस कोणी विचारले नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये सारा अँडरसन, केली मॅकर्नन व कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकारांनी अमेरिकेत या कंपन्यांविरुद्ध दावा दाखल केला. ‘गेटी इमेजेस’ ही छायाचित्रे विकणारी मोठी कंपनीही न्यायालयात गेली. तिची तक्रार ऐकण्याजोगी आहे: यंत्राने काढलेल्या काही नव्या चित्रांवर ‘गेटी’ हे नाव वेड्यावाकड्या अक्षरांत उमटत होते! आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची चाल आहे. शेजाऱ्याच्या ताटावर आपले नाव अर्धवट खरवडलेले दिसावे, तसा हा प्रकार. नोव्हेंबर २०२५ मध्ये लंडनच्या न्यायालयाने गेटीची प्रमुख मागणी फेटाळली, व त्या नावाच्या खुणेपुरतेच काही अंशी तिच्या बाजूने मत दिले. न्यायालयांस पुरावा व कायद्याची कलमे पाहावी लागतात. ताट कोणाचे, हे मात्र ते पाहणाऱ्या कोणासही कळते.

याहून काळीज कापणारी गोष्ट डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर आली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांस त्या ५८५ कोटींत बालकांच्या लैंगिक शोषणाची एक हजाराहून अधिक खात्रीशीर चित्रे आढळली. तो संग्रह तत्काळ काढून घेण्यात आला, व ऑगस्ट २०२४ मध्ये साफ करून नव्याने प्रसिद्ध झाला. जे न विचारता, न पाहता, खोऱ्याने ओढले, त्यात काय काय आले, हे ओढणाऱ्यासही ठाऊक नव्हते. आमच्या वाचकांपैकी जे आपल्या मुलाबाळांची छायाचित्रे कोठेही टाकून मोकळे होतात, त्यांनी येथे क्षणभर थांबावे.

मग प्रामाणिक यंत्र मिळते काय? काहीसे मिळते. ‘अ‍ॅडोबी’ कंपनीने मार्च २०२३ मध्ये आणलेले ‘फायरफ्लाय’ हे आपल्याच भांडारातील परवान्याची चित्रे व मालकीहक्क संपलेली चित्रे यांवर शिकल्याचे सांगण्यात आले. पुढे एप्रिल २०२४ मध्ये वृत्तपत्रांत आले, की त्यास शिकविण्यासाठी वापरलेल्या चित्रांत शेकडा पाचांच्या आसपास चित्रे यंत्रांनीच काढलेली होती. म्हणजे दूध आपल्या गोठ्यातले, पण त्यात थोडे पाणी शेजारच्या विहिरीचे! तरीही न विचारता घेणाऱ्यांहून हे पुष्कळ बरे, असे आमचे मत आहे. ज्या यंत्रांनी परवाना घेऊन शिक्षण केले, त्यांस प्रमाणपत्र देणारी ‘फेअरली ट्रेन्ड’ नावाची संस्थाही जानेवारी २०२४ मध्ये निघाली. आपण जे यंत्र वापरतो ते कोठे शिकले, एवढा प्रश्न विचारण्याची सवय तरी लागावी. बाजारात बासमती घेताना येळ्ळूरचा माणूस तो कोणत्या शिवारातला हे विचारल्यावाचून राहत नाही.

परंतु यंत्र कसेही असो, एक पाप पूर्णपणे आपल्या हातचे आहे, आणि ते टाळणेही आपल्याच हाती आहे. ते म्हणजे दुसऱ्याचे नाव सूचनेत लिहिणे. मार्च २०२५ मध्ये जपानच्या ‘स्टुडिओ जिब्ली’च्या धाटणीत आपली चित्रे करवून घेण्याची अशीच एक लाट येऊन गेली. हायाओ मियाझाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार दशके हाताने एकेक चित्र रेखून जी धाटणी घडविली, ती दोन शब्दांत उचलण्यात आली. उद्या कोणी ‘फडणीसांप्रमाणे काढ’ असे लिहील. धाटणीवर कायद्याचा मालकीहक्क नाही, हे खरे. पण भोजच्या माणसाने जन्मभर घासून तयार केलेली रेष आपण फुकट वापरून वर आपले नाव घालावे, हे आपणांस रुचेल काय?

कायदा काय सांगतो, तेही थोडक्यात सांगतो. भारतात १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरील हक्क त्याच्या मृत्यूच्या वर्षानंतर साठ वर्षे टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले. त्यांची चित्रे सर्वांची झाली आहेत. मुंबईच्या कलाशाळेत नावाजलेले गोमंतकीय चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद १९३५ मध्ये वारले. तीही मोकळी आहेत. त्यांची कन्या आंजेला त्रिंदाद १९८० मध्ये वारली. तिच्या चित्रांस २०४० च्या अखेरपर्यंत हात लावता येणार नाही. आणि आंजेलो दा फोन्सेका १९६७ मध्ये वारले. त्यांच्या चित्रांवरील हक्क २०२७ च्या अखेरपर्यंत राहतो.

फोन्सेकांविषयी येथे दोन शब्द अधिक लिहिल्यावाचून आमच्याने राहवत नाही. १९०२ मध्ये गोव्यात त्यांचा जन्म झाला. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे ते शिकले. गोव्यात परतून त्यांनी पवित्र मरिया साडी नेसलेली, सावळी, आपल्याकडच्या आयाबायांसारखी काढली, तेव्हा त्यांच्यावर चोहोंकडून टीका झाली. कारण लोकांस युरोपीय छापील चित्रांतील गोऱ्या, निळ्या झग्यातील मातेची सवय होती. ते गोवा सोडून पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि मरेपर्यंत तेच काढीत राहिले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

आम्हांस हे सांगावयाचे, की यंत्र हे सवयीचे घर आहे. जे सर्वांत अधिक वेळा काढले गेले, तेच ते प्रथम काढते. केवळ ‘येशूची आई’ एवढेच सांगितले, तर बहुतेक वेळा तीच गोरी, तोच निळा झगा. फोन्सेकांनी जी सवय मोडण्यासाठी घर सोडले, ती सवय हे यंत्र आपल्या मुलांस नव्याने लावू शकते. आणि फोन्सेकांचे नाव सूचनेत घालून सावळी मरिया मागावी, तर त्यांनी जे सोसले त्याचे फळ आपण कुंपणावरून हात घालून तोडल्यासारखे होते. याचा अर्थ आपण सावळी मरिया काढूच नये, असा नव्हे. ती त्यांच्याप्रमाणे आपल्याच गावच्या आयांकडे पाहून, आपल्याच हाताने प्रथम काढावी.

आयांकडे पाहून म्हटले, तेव्हा संमतीचाही प्रश्न आला. आमच्या मंडळींपैकी एकाने सुचविले होते, की तक्त्याची दगदग कशास? गावातील एखाद्या आजीचे छायाचित्रच यंत्रास द्यावे. ते आम्ही मोडून काढले. एकदा दिलेला चेहरा परत मागता येत नाही. तो कोठे साठला, कोणी पाहिला, उद्या त्यास कोणते वस्त्र चढविले जाईल, हे त्या माउलीस कोण सांगणार? अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी आईबापांची संमती घ्यावी, असे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा म्हणतो. आमच्या मते म्हाताऱ्या माणसांबाबतही घरच्यांनी तीच काळजी घ्यावी. ‘सही कर’ म्हटले, की त्या करतात.

कोणी म्हणेल, हे सर्व श्रीमंतांचे चोचले. गरीब धर्मग्रामाने चित्रकारास पैसे कोठून द्यावेत? आक्षेप रास्त आहे, म्हणून हिशेबच सांगतो. चित्रकारास आम्ही दिले, ते भिंती रंगविण्याच्या त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीइतके. बारा चित्रे हाताने काढवून घेणे आम्हांस झेपले नसते, हे खरे. एक तक्ता झेपला. शिवाय त्या तक्त्यामुळे आजी आमची झाली. अमेरिकेत ‘झार्या ऑफ द डॉन’ या यंत्राच्या साहाय्याने केलेल्या चित्रकथेविषयी फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील हक्कनोंदणी कचेरीने असा निर्णय दिला, की मजकूर व मांडणी यांवर लेखिकेचा हक्क आहे, पण यंत्राने काढलेल्या चित्रांवर नाही. आपल्या कायद्यात संगणकाने घडविलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, असे कलम १९९४ च्या दुरुस्तीने आलेले आहे. परंतु ते या नव्या यंत्रांच्या जन्मापूर्वीचे आहे. हाताने काढलेल्या तक्त्याविषयी मात्र कोठेही वाद नाही.

गोष्टीची बारा चित्रे पुढे पुरी झाली. त्यांतील आठ यंत्राची, थोड्याफार दुरुस्तीची. चार चित्रकाराने स्वतः काढली. कारण विळा धरलेला हात आणि भाकरी मोडणारी बोटे यंत्रास काही केल्या साधेनात, आणि बांधावर तिघे बसल्याच्या शेवटच्या चित्रात दोन्ही मुलग्यांचे चेहरे एकच होऊन बसत. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर कोणती चित्रे हाताची व कोणती यंत्राची, हे लिहिले आहे, आणि चित्रकाराचे नाव गोष्ट लिहिणाऱ्यांच्या वर घातले आहे. त्याने एक अट घातली होती: तक्ता त्यास विचारल्यावाचून दुसऱ्या कोणास देऊ नये. ती कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सह्या केल्या.

पुढील पुस्तकात आजोबा यावयाचे आहेत. त्यांचा तक्ता तो सध्या काढीत आहे. मिशा किती लांब ठेवाव्यात, यावर अजून एकमत झालेले नाही.